गिझरच्या कॉइलशेजारचा तो करडा दांडा कशाचा? भंगारात टाकण्याआधी ओळखून घ्या

बेळगाव / निपाणी : थंडी पडायला लागली की बेळगाव, निपाणी, चिकोडी, संकेश्वर आणि पलीकडे कागल-गडहिंग्लजपर्यंत इलेक्ट्रिकच्या दुकानांत एक ठरलेलं गिऱ्हाईक येतं. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत गिझरमधून काढलेली कॉइल, आणि कॉइलच्या शेजारी त्याच पितळी किंवा लोखंडी चकतीला लागलेला बोटाएवढा जाड, करडा, खड्डे पडलेला एक दांडा. कधी तो शेंगेसारखा सुकलेला असतो, कधी मधली तार तेवढी शिल्लक असते. प्रश्न एकच : हे काय आहे, आणि हे नसलं तर चालतंय का?

उत्तर बहुतेक वेळा असं मिळतं, “काकू, त्याचं काय काम नाही, काढून टाकूया.” कॉइल नवी बसते, दांडा भंगारात जातो, पाणी दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं गरम होतं. त्यामुळे सल्ला बरोबरच होता असं वाटतं. दोन-तीन वर्षांनी गिझरच्या तळातून थेंब गळू लागतात, टाकी भोकाळलेली निघते आणि अख्खा गिझर बदलावा लागतो. तेव्हा त्या दांड्याची आठवण कुणालाच राहत नाही.

त्या दांड्याचं नाव मॅग्नेशियम ॲनोड. दुकानात मागताना ‘ॲनोड रॉड’ किंवा ‘मॅग्नेशियम रॉड’ म्हटलं की पुरे. तो विजेवर चालत नाही, पाणी गरम करत नाही, पाणी साफही करत नाही. त्याचं काम एवढंच, की टाकीऐवजी आपण गंजून जायचं.

आधी चकतीवर काय काय असतं ते बघू

गिझरचं खालचं झाकण काढलं की एक गोल चकती नट-बोल्टांनी टाकीला घट्ट बसवलेली दिसते. हिला फ्लँज म्हणतात. चकतीच्या बाहेरच्या बाजूला वायरी असतात आणि आतली बाजू पाण्यात बुडालेली असते. अनोळखी भाग ओळखायचा तर पहिला प्रश्न हाच विचारायचा : तो कोरड्या बाजूला आहे की ओल्या?

ओल्या बाजूला साधारण तीन गोष्टी मिळतात. पहिली, वाकवून फिरवलेली कॉइल. ती तांब्याची किंवा स्टीलसारख्या दिसणाऱ्या निकेलच्या मिश्रधातूची असते. प्रत्यक्ष तापणारी तार तिच्या आत असते, निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रणाची, म्हणजे नायक्रोमची. तार आणि बाहेरची नळी यांच्यामध्ये पांढरी पूड ठासून भरलेली असते. ही मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड. उष्णता ती सहज जाऊ देते, वीज जाऊ देत नाही. कॉइल फुटल्यावर आतून जे पांढरं पीठ सांडतं ते हेच. बरेच जण त्याला क्षार समजतात.

दुसरी गोष्ट म्हणजे टोकाला बंद असलेली एक बारीक सरळ नळी. तिच्यात बाहेरून थर्मोस्टॅटची काडी सरकवलेली असते, पाण्याला न भिजता पाण्याचं तापमान कळावं म्हणून. नळी रिकामी दिसली तर घाबरायचं कारण नाही, थर्मोस्टॅट बाहेर ओढून काढलेला असतो इतकंच.

तिसरा आपला दांडा. त्याला एकही वायर नसते. चकतीवर आट्याने पिळून बसवलेला असतो, बस्स. वायर नाही म्हणून काम नाही, असा निष्कर्ष इथेच काढला जातो आणि इथेच चूक होते.

कोरड्या बाजूला वायरींच्या गर्दीत आणखी एक भाग दिसतो : छोटं बटण असलेली डबी किंवा चकती. बटण बऱ्याचदा लाल असतं. हा थर्मल कटआउट. याच्याबद्दल पुढे वेगळं सांगायचं आहे, कारण ॲनोड काढला तर टाकी जाते, कटआउट काढला तर माणूस जाऊ शकतो.

दांडाच आहे ना, याची खात्री कशी करायची?

वजन हातात धरून बघणं ही सर्वात सोपी परीक्षा. मॅग्नेशियम कमालीचं हलकं असतं. एक घन सेंटिमीटर लोखंडाचं वजन सुमारे ७.९ ग्रॅम भरतं, ॲल्युमिनियमचं २.७ आणि मॅग्नेशियमचं फक्त १.७ ग्रॅम. म्हणजे लोखंडाच्या पावपटीपेक्षाही कमी. धातूचा दांडा उचलल्यावर लाकडी पेन्सिल उचलल्यासारखं वाटलं तर तो मॅग्नेशियमचा समजावा. लोहचुंबक लावून बघणारे कधी कधी फसतात, कारण दांड्याच्या पोटात स्टीलची तार असते आणि चुंबक तिला किंचित ओढतो. उद्यमबागेतल्या फौंड्रीत किंवा मशिन शॉपमध्ये काम करणाऱ्याच्या हातात दिला तर तो बघताक्षणी सांगेल, कारण धातूची खूण त्यांना हातालाच कळते.

दुसरी परीक्षा व्हिनेगरची. वरचा पांढरा थर आधी कानशीने किंवा जाड पॉलिश पेपरने खरवडून काढायचा, आतला चकचकीत धातू दिसू द्यायचा, आणि त्या जागी व्हिनेगरचे चार थेंब टाकायचे. भराभर बुडबुडे आले तर मॅग्नेशियम. खरवडायचा कंटाळा केला तर परीक्षा निरुपयोगी होते, कारण पाण्याचे क्षारही व्हिनेगरमध्ये फसफसतात.

मल्टिमीटर असेल तर गोष्ट आणखी स्पष्ट होते. वायरी सोडवलेल्या कॉइलच्या दोन टोकांत २००० वॅटच्या कॉइलला साधारण २६ ओहम दाखवले पाहिजेत, ३००० वॅटच्या कॉइलला साडेसतराच्या आसपास. हिशेब सोपा आहे, २३० व्होल्टचा वर्ग भागिले वॅट. कॉइलचं टोक आणि चकती यांच्यात मात्र मीटरने काहीच जोड दाखवू नये. तिथे आकडा आला तर कॉइल आतून फुटलेली आहे, ती बदललीच पाहिजे. ॲनोडचं उलटं असतं. दांडा आणि चकती यांच्यात मीटर जवळजवळ शून्य दाखवतो, आणि तो शून्य दाखवलाच पाहिजे. टाकीशी धातूचा धातूला जोड असेल तरच दांडा काम करतो. दांडा बसवताना आट्यावर भरपूर टेफ्लॉन टेप गुंडाळणारे मेकॅनिक चांगल्या हेतूने कामाची माती करतात. जोडच तुटला तर दांडा नुसता पाण्यात लोंबकळत राहणार.

एक धातू दुसऱ्यासाठी का मरतो?

बाजारातल्या बहुतेक साठवणीच्या गिझरची टाकी पोलादी पत्र्याची असते. पोलाद आणि गरम पाणी यांचं वैर जुनं. म्हणून टाकीला आतून काचेचा मुलामा देतात. जुन्या इनॅमलच्या बशा-वाट्या आठवत असतील, जवळपास तसाच प्रकार. भट्टीत भाजून पत्र्यावर काच बसवली जाते. पण मुलामा कितीही चांगला असला तरी वेल्डिंगच्या सांध्यांवर, कडांवर सुईच्या टोकाएवढी उघडी जागा राहतेच. वर्षानुवर्षं तापणं-निवणं चालू असतं, त्यात बारीक भेगाही पडतात. पाणी नेमकं तिथेच पत्र्याला भिडतं.

आता पाण्यात बुडालेले आणि एकमेकांना जोडलेले दोन वेगळे धातू म्हणजे एक छोटी बॅटरीच. जो धातू इलेक्ट्रॉन सहज सोडतो तो झिजतो, दुसरा सुरक्षित राहतो. प्रयोगशाळेत मोजलेले आकडे बघितले तर मॅग्नेशियम उणे २.३७ व्होल्टवर आहे, ॲल्युमिनियम उणे १.६६, जस्त उणे ०.७६, लोखंड उणे ०.४४ आणि तांबं अधिक ०.३४. आकडा जितका खाली तितका धातू झिजायला उतावीळ. या रांगेत मॅग्नेशियम लोखंडाच्या बरंच खाली आहे. त्यामुळे टाकीला उघडी जागा असली तरी गंजण्याचं काम दांडा आपल्याकडे ओढून घेतो.

याच रांगेतून दुसरी गोष्टही लक्षात येते. कॉइल तांब्याची आहे आणि तांबं लोखंडाच्या वर बसलं आहे. म्हणजे दांडा काढून टाकला की टाकीत उरतात तांब्याची कॉइल आणि पोलादी पत्रा, आणि या जोडीत झिजणारा पत्रा असतो. दांड्याशिवायच्या टाकीला कॉइलच खाते, असं म्हटलं तरी चालेल. आजीच्या न्हाणीघरातला तांब्याचा बंब पिढ्यान् पिढ्या टिकला, त्यात असला दांडा नव्हता, हे खरं आहे. तिथे सगळं भांडंच तांब्याचं होतं.

ही युक्ती दोनशे वर्षं जुनी आहे. इंग्लंडच्या नौदलाच्या लाकडी जहाजांना तळाला तांब्याचे पत्रे मारलेले असत आणि समुद्राच्या पाण्यात ते झिजत. सर हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञाने १८२४ मध्ये त्या पत्र्यांना लोखंडाचे आणि जस्ताचे तुकडे जोडून दाखवले. तांबं झिजायचं थांबलं. पण गंमत अशी झाली की तांबं पाण्यात विरघळेना म्हणून त्याचं विषही पाण्यात उतरेना, आणि जहाजाच्या तळाला शिंपले-शेवाळ माजलं. जहाजं मंदावली, नौदलाने प्रयोग गुंडाळला. तत्त्व मात्र टिकलं. मालवण-वेंगुर्ल्याकडे किंवा गोव्यात ट्रॉलर ओढून वर घेतला की पंख्याजवळ जस्ताचे ठोकळे लावलेले दिसतात, ते याच घराण्यातले. बेळगाव जिल्ह्यातून जाणाऱ्या दाभोळ-बेंगळुरू गॅस पाइपलाइनसारख्या जमिनीखालच्या पोलादी नळांनाही गंजापासून वाचवायला हेच शास्त्र वापरतात, तिथे बहुधा बाहेरून वीज देऊन.

गिझर हा शब्दही असाच फिरून आलेला. आइसलँडमधल्या गरम पाण्याच्या कारंज्याचं नाव गेसिर. १८६८ मध्ये लंडनच्या बेंजामिन मॉन याने गॅसवर पाणी तापवणारं यंत्र काढलं आणि त्याला ते नाव दिलं. अमेरिकेत आज या यंत्राला गिझर म्हटलं तर कळत नाही. आपल्याकडे मात्र खानापूरच्या खेड्यातही कळतं.

पाणी जसं, तसं दांड्याचं आयुष्य

बेळगाव शहराला राकसकोप आणि हिडकल जलाशयातून पाणी मिळतं, निपाणीत जवाहर तलावाचं नाव घेतलं जातं. पण नळाला पाणी येण्याचा दिवस आणि घरातली गरज यांचा मेळ बसत नाही तिथे बोअर आणि टँकर ठरलेले. एकाच घरात, एकाच गिझरमध्ये सोमवारी तलावाचं आणि गुरुवारी बोअरचं पाणी जातं. त्यामुळे शेजाऱ्याचा दांडा पाच वर्षं टिकला म्हणून आपलाही टिकेल, याचा भरवसा नाही.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, पाण्याचा जडपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत योग्य मानला आहे. दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेता येतं. बोअरच्या पाण्यात क्षार जास्त असले की ते पाणी वीज जास्त सहज वाहू देतं आणि आपली छोटी बॅटरी जोरात चालते. दांडा लवकर संपतो. घरात पाणी मऊ करणारा सॉफ्टनर बसवला म्हणजे दांडा वाचला, असं समजू नये. सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्याजागी सोडियम सोडतो, पाण्यातले एकूण क्षार तसेच राहतात. कॉइलवर थर बसायचा थांबतो, दांडा मात्र झिजतच राहतो, बऱ्याचदा आणखी लवकर.

कॉइलवरच्या पांढऱ्या थराबद्दल एक समज बाजारात जोरात आहे : थर बसला की वीज दुप्पट जाते. हे तितकंसं खरं नाही. कॉइल टाकीच्या आत आहे, तिची उष्णता पाण्यात जाण्यावाचून दुसरीकडे जाणार कुठे? उशिरा जाईल, पण जाईल. थराचा खरा तोटा वेगळा आहे. उष्णता अडकल्याने कॉइलची नळी स्वतः जास्त तापते, तडकते, पाणी आतल्या पांढऱ्या पुडीत शिरतं आणि करंट पाण्यात उतरतो. बिलापेक्षा ही गोष्ट कितीतरी गंभीर आहे.

बिलाचा हिशेब हवाच असेल तर तोही मांडता येतो. २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवायला जवळपास एक युनिट लागतं. २००० वॅटच्या कॉइलला अर्धा तास. दिवसातून दोनदा टाकी तापली तर महिन्याला ६० युनिट. कर्नाटकात २०२३ पासून गृहज्योती योजनेत घरगुती ग्राहकाला वापराच्या सरासरीच्या हिशेबाने, जास्तीत जास्त २०० युनिटपर्यंत वीज मोफत आहे. त्यातला मोठा घास एकटा गिझर खातो. नदीपलीकडे महावितरणच्या ग्राहकाला तेच ६० युनिट पैसे मोजून घ्यावे लागतात. थर्मोस्टॅट ७५ वरून ६० वर आणला तर दोन्हीकडे फायदा होतो, आणि थर बसण्याचा व दांडा झिजण्याचा वेगही थोडा उतरतो.

दांडा कधी बदलायचा, आणि खर्च किती?

तलावाचं पाणी असेल तर दोन वर्षांनी, बोअरचं असेल तर दरवर्षी एकदा उघडून बघावं. जाडी निम्म्यावर आली किंवा मधली स्टीलची तार दिसायला लागली तर बदलावा. उलट, चार वर्षं झाली तरी दांडा नव्यासारखा गुळगुळीत असेल तर खूश होऊ नये. एक तर त्याचा टाकीशी जोड लागलेला नाही, किंवा त्याच्यावर क्षारांची टणक खोळ बसून तो झाकला गेला आहे.

दांडा काही शे रुपयांत मिळतो. टाकी गेली तर गिझर नवा घ्यावा लागतो, म्हणजे काही हजार. यंत्रावर दरवर्षी घसारा लिहायची सवय असलेल्या कुठल्याही दुकानदाराला हे पटकन कळतं. इथे घसारा वहीत लिहावा लागत नाही, टाकीच्या आत डोळ्यांना दिसतो. कंपन्याही ते जाणून असतात. वॉरंटी कार्डावर टाकीची मुदत वेगळी आणि कॉइलची वेगळी असते, टाकीची बहुधा जास्त. त्याखालच्या बारीक अक्षरांत ॲनोड वेळेवर बदलण्याची अट आहे का, ते वाचावं. ते अक्षर इंग्रजीत किंवा हिंदीत असतं. सीमाभागात मराठीतून माहितीपत्रक कुणी देत नाही, आणि ‘दांडा फेकला’ हा घोळ निम्मा तिथूनच सुरू होतो.

सगळ्याच गिझरला हा दांडा असतो असं नाही. स्वयंपाकघरातल्या तीन लिटरच्या इन्स्टंट गिझरमध्ये बहुधा नसतो. तांब्याच्या किंवा प्लास्टिकच्या टाकीला त्याची गरज नाही. स्टेनलेस स्टीलच्या काही टाक्यांत असतो, काहींत नाही. गच्चीवरच्या सोलरच्या टाकीत मात्र पुष्कळदा असतो आणि तिथे तो कुणी उघडून बघत नाही, कारण टाकी दिसते वर आणि मेकॅनिक येतो खाली.

गरम पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर दांड्यावर संशय घेण्याला थोडा आधार आहे. काही बोअरच्या पाण्यात सल्फेटवर जगणारे जिवाणू असतात. दांडा झिजताना तयार होणारा हायड्रोजन त्यांच्या पथ्यावर पडतो आणि तो वास सुटतो. म्हणून दांडा काढून टाकू नये. टाकी पूर्ण धुऊन घ्यावी, एकदा पाणी जास्तीत जास्त तापवून सगळं सोडून द्यावं, आणि तरीही वास राहिला तर ॲल्युमिनियम-जस्ताचा दांडा मागावा.

हायड्रोजनचा विषय निघालाच आहे तर पुण्या-मुंबईला किंवा बेंगळुरूला राहून गणपतीला नाहीतर दिवाळीला घर उघडणाऱ्यांसाठी एक सूचना. गिझर भरलेला ठेवून घर अनेक आठवडे बंद असेल तर टाकीत थोडा वायू साठू शकतो. आल्यावर स्विच लावण्याआधी गरम पाण्याचा नळ दोन मिनिटं उघडा सोडावा. नळ फुरफुरला तर तो जळणारा वायू असू शकतो, त्यावेळी तिथे काडी, अगरबत्ती, गॅस काही पेटवू नये. टाकीच्या तळाला साठणारा पांढरा चिकट गाळ मात्र निरुपद्रवी. तो मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे ॲसिडिटीच्या पांढऱ्या औषधात असतो तोच पदार्थ.

‘डायरेक्ट’ मारू देऊ नका

आता तो लाल बटणवाला कटआउट. थर्मोस्टॅट पाण्याचं तापमान ठरल्या जागी थांबवतो. तो बिघडून चिकटला तर कॉइल बंदच होत नाही. अशा वेळी तापमान नव्वदीच्या घरात गेलं की कटआउट वीज तोडतो आणि स्वतःहून परत जोडत नाही. हाताने बटण दाबावं लागतं. बटण पुन्हा पुन्हा उडत असेल तर दोष कटआउटमध्ये नव्हे, बहुधा थर्मोस्टॅटमध्ये असतो. पण सकाळी सातला आंघोळीची घाई असते, पार्ट दुकानात नसतो, आणि “अण्णा, आज डायरेक्ट करून देतो, पुढच्या आठवड्यात पार्ट आणतो” असं म्हणून कटआउटच्या दोन वायरी एकत्र पिळल्या जातात. पुढचा आठवडा येत नाही.

कटआउट डायरेक्ट, थर्मोस्टॅट चिकटलेला आणि वरचा सेफ्टी व्हॉल्व्ह क्षारांनी बुजलेला, या तीन गोष्टी एकत्र आल्या की भिंतीवर टांगलेली टाकी बॉयलर होते. बंद टाकीत पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. टाकी फुटून दाब एकदम सुटला की त्या पाण्याचा काही भाग क्षणात वाफ होतो, आणि पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे पटींहून जास्त जागा मागते. म्हणून कटआउट हा भाग ओळखायला शिकणं ॲनोडपेक्षाही महत्त्वाचं. जुन्या वायरीचा तुकडा पिळून टेप मारलेला दिसला तर तिथे कधीतरी एक बटण होतं असं समजा.

सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना थोडं ठिबकलं तर मात्र ते चांगलं लक्षण. २५ लिटर पाणी २० वरून ७० अंशांवर गेलं की सुमारे अर्धा लिटरने फुगतं. ते कुठून तरी बाहेर पडणारच. तिथे प्लग मारून ठिबकणं बंद करणारे आहेत. त्यांना आवरावं.

दांडा बघायला स्वतः झाकण काढणार असाल तर भिंतीवरचा स्विच बंद करून भागत नाही. जुन्या वायरिंगमध्ये फेज-न्यूट्रल उलटे लागलेले असतात आणि स्विच न्यूट्रल तोडत असतो. गिझरचा एमसीबी किंवा मेनच खाली पाडायचा, मग टेस्टर लावायचा, पाणी निवू द्यायचं, वरून पाणी बंद करायचं, टाकी रिकामी करायची आणि मगच चकतीचे नट सैल करायचे. चकतीखालची रबरी गास्केट एकदा दबलेली असते, ती परत वापरली तर गळणार हे धरून चाला. नवी आणून ठेवूनच काम काढा. हे सगळं जमण्यासारखं वाटत नसेल तर वायरमनला बोलवावं आणि शेजारी उभं राहून दांडा दाखवायला सांगावा. त्यात कमीपणा काही नाही.

एमसीबी आहे म्हणून शॉक लागणार नाही, हाही एक गैरसमज. एमसीबी वायर वाचवतो. माणूस वाचवायला आरसीसीबी लागतो, ३० मिलिअँपियरचा, आणि नीट अर्थिंग. कॉइल फुटून करंट पाण्यात उतरला तर तोच क्षणात वीज तोडतो. जुन्या वाड्यांत आणि भाड्याच्या खोल्यांत अर्थिंगची वायर सॉकेटपर्यंत येते आणि पुढे कशालाच जोडलेली नसते. गिझरवर खर्च करण्याआधी तिथे करावा.

बाकी यंत्रांत असेच अनोळखी पाहुणे

वॉशिंग मशीनच्या हीटरच्या रबरात खोचलेली छोटी धातूची बोंडी म्हणजे तापमान मोजणारा सेन्सर. राईस कुकरच्या ताटलीच्या मधोमध वर-खाली होणारं बटण म्हणजे चुंबकाचा थर्मोस्टॅट. भाताचं पाणी संपलं की तळाचं तापमान १०० च्या वर चढतं, चुंबकाची पकड सुटते आणि स्विच पडतो. त्याच कुकरच्या वायरीत पांढऱ्या नळीत लपवलेला तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा भाग असतो, तो थर्मल फ्यूज. त्याच्या अंगावर अंशांचा आकडा छापलेला असतो. नवा आणताना तोच आकडा हवा. तो डाग देऊन, म्हणजे सोल्डर करून बसवायचा नसतो, कारण सोल्डरच्या उष्णतेनेच तो उडतो. दाबून बसवायच्या पितळी स्लीव्हने जोडावा लागतो. पाण्यात बुडवायच्या साध्या हीटर रॉडला यातलं काहीच नसतं, ना थर्मोस्टॅट ना कटआउट. म्हणून तो बादलीत सोडून कुठे जायचं नाही.

निपाणीत घर, कोल्हापूरचं बिल

सीमाभागातल्या घरांत वस्तू येते कोल्हापूर किंवा बेळगावहून, कधी मुलगा पुण्याहून पाठवतो, आणि तक्रार करायची वेळ आली की कुणाकडे जायचं ते कळत नाही. कंपनीची वॉरंटी राज्याच्या हद्दीवर संपत नाही. पिनकोड कर्नाटकचा म्हणून सर्व्हिस नाकारली तर नकार लेखी मागावा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, खरेदी कुठेही झालेली असो. म्हणजे कोल्हापुरात घेतलेल्या गिझरसाठी निपाणीच्या माणसाला कोल्हापूरला खेटे घालायला नकोत. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करून बघावा. साठवणीच्या गिझरसाठी आयएस २०८२ हे मानक आहे आणि त्यावर आयएसआय चिन्ह लागतं. चिन्हाजवळचा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकला की खरा-खोटा कळतो. कॉइल सुटी घेतानाही हे बघून घ्यायला दोन मिनिटं पुरतात.

नवा दांडा आणायला जाताना जुना सोबत न्यावा. पार झिजला असेल तर राहिलेली तार तरी न्यावी, कारण आटा किती एमएमचा आहे ते तिच्यावरूनच कळणार. लांबी मूळच्या दांड्याएवढी किंवा थोडी कमी चालेल, जास्त चालणार नाही. टाकीच्या आत तो कॉइलला टेकता कामा नये. आणि मेकॅनिकच्या बिलावर नुसतं ‘सर्व्हिसिंग’ न लिहिता ‘मॅग्नेशियम ॲनोड बदलला’ असं तारखेसह लिहून घ्यावं. उद्या टाकीच्या वॉरंटीवरून वाद झाला तर दाखवायला तोच कागद लागेल.